दुखवट्याचा फराळ

खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. आणि कशाचा, तर तिच्या घरात कुणीतरी गेलं होतं याचा. ऐकायला वाईट वाटतं, पण होतं ते असं.

ठाकुर्लीचा फ्लॅट सोडून खडवलीला राहायला जायचं, हे आम्हा दोघांचं ठरलेलं. घर बांधून झालं आणि चैत्रात नवरा गेला. अठ्ठावन्न हे काय जायचं वय आहे? आषाढात मी एकटीच सामान घेऊन आले. शेजारपाजारच्या बायका चौकशीला आल्या, त्यांना म्हटलं, सध्या एकटीच आहे. कपाळाला टिकली होती, ती मी काढणार नव्हतेच. सगळ्यांनी समजून घेतलं की साहेब नोकरीत अडकलेत. मीही कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. कुणाची कीव नको होती मला.

श्रावणात शेजारणीचे सासरे वारले. नव्वदीचे आजोबा, पतवंडं बघून, दुपारचा वरणभात जेवून झोपले ते उठलेच नाहीत. पण अख्खं गाव तिच्या ओट्यावर! कुणी चहाची किटली आणतंय, कुणी भाकऱ्या. मी खिडकीतून बघायचे आणि नुसती जळायचे. आमच्या सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये 'टेक केअर' म्हणून मोकळे झालेले.

मग दिवाळी आली. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, तिथे दिवाळीला तळण करत नाहीत. बाकीची घरं त्यांना फराळ पुरवतात. धनत्रयोदशीपासून झाकलेली ताटं माझ्या दारावरून तिच्याकडे जायला लागली. दुसऱ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गेली उडत तुमची ताटं. भाजणी भिजवली, कढई चढवली आणि भर दुपारी खिडक्या सताड उघडून चकल्या तळायला बसले. जाऊ दे वास तिच्या नाकात.

गेलाच. ती मागच्या दाराने आली, हातात ताटभर करंज्या. म्हणाली, आमच्याकडे खूप झाल्यात, साहेब सुट्टीला आले की द्या त्यांना.

"ते नाही येणार," मी म्हणाले. "चैत्रात गेले."

तिने आधी गॅस बंद केला. मग मला चांगलीच झापली.

"आणि तुम्ही तळायला काढलंत? यंदा या घरात तळण नाही. आम्ही कशाला आहोत मग?"

मी ओट्याला धरून ढसाढसा रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, कुणासमोर. ती थांबली. भिजवलेलं पीठ उचलून पलीकडच्या बायकांकडे तळायला न्यायच्या आधी तिने विचारलं, साहेबांना फराळातलं काय आवडायचं. जाडी तिखट शेव, मी सांगितलं.

संध्याकाळी ताटं माझ्या दारात आली. लाडू कुणाचे होते, कुणाचे नव्हते, पण शेव प्रत्येक ताटात. जाडी, तिखट, काही तर अजून गरम. त्यांना कधी पाहिलंही नव्हतं त्या बायकांनी.

शेजारीण बघायला आली. एकेक ताट उघडून पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"आमच्या सासऱ्यांना काय आवडायचं, ते कुणी विचारलंच नाही हो," ती म्हणाली.

मी तिला बसायला पाट दिला आणि विचारलं.