आरशावरची हळद

जळलेल्या आरशाचा फोटो ई-मेलमध्ये उघडला, तेव्हा आमच्या शिरवळच्या कारखान्याच्या मालक मॅडम माझ्या खुर्चीमागेच उभ्या होत्या.

"पॅक कुणी केला होता?"

"हणमंतमामांनी," मी म्हणालो. ते खरं होतं, पण अर्धंच.

आम्ही लेझरसाठी आरसे बनवतो. हा आरसा परदेशातल्या प्रयोगशाळेत गेला होता. तिथे हेलियमच्या अणूतल्या एका इलेक्ट्रॉनच्या जागी अँटिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचा उलट विद्युतभाराचा जोडीदार, बसवतात. असा अणू पापणी लवायच्या आत संपतो. तेवढ्यात त्याच्यावर लेझर मारून तो नेमका कोणता रंग शोषतो ते पाहायचं, त्यावरून अँटिप्रोटॉनचं वजन कळतं. लेझर वळवणाऱ्या आरशावर धुळीचा कण राहिला, तर तिथेच आरसा जळतो. अँटिप्रोटॉन वापरायची पाळी ठरलेली असते. त्यांची पाळी आमच्या आरशापायी वाया गेली.

मामा मलकापूरचे, फौजेतून निवृत्त. आरसे पुसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मी चौकशीच्या रिपोर्टात लिहिलं, 'हाताळणीतली चूक.' मॅडमनी त्यांना धूळमुक्त क्लीनरूममधून काढून गेटवर बसवलं.

"आरसा म्या नीट पुसला हुता, सायब. तुमास्नी ठावं हाय," एवढंच ते मला म्हणाले. मी मान खाली घालून फाईल चाळत राहिलो.

आठवड्याने दुसरा ई-मेल आला. अतिनील दिव्याखाली आरशाच्या कडेला पिवळट हिरवे कण चमकतायत, हा कोणता पदार्थ?

अशी चमकते ती हळद.

आरसा निघाला तो दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आम्ही यंत्रं पूजतो. पहिलाच आरसा परदेशी चाललेला, म्हणून मी हळदकुंकू थेट क्लीनरूममध्ये नेलं आणि आरशाच्या चौकटीला बोट लावलं.

"सायब, आत नगं," मामा म्हणाले होते. "फौजेत आमीबी रायफल पुजायचो, पर नळीत कुकू न्हाई घातलं कवा. थांबा, परत पुसतो."

"कुरिअर उभा आहे, मामा. देवाचं आहे, काही होत नाही."

हे सगळं मला पहिला फोटो पाहतानाच आठवलं होतं. तरी दुसरा ई-मेल मी दोन दिवस दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी मॅडमसमोर तोंड उघडलं. त्यांनी तो ई-मेल वाचला. मग म्हणाल्या, "मामांना तुम्हीच आत घेऊन या."

गेटवर शिफ्ट सुटत होती. सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा, चूक माझी होती. खोटं लिहिलं मी."

"व्हय," मामा म्हणाले. "मला मॅडमास्नी कवाच सांगता आलं असतं. पर तुमी सांगताय का, ते बघत हुतो."

त्यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

मामा पुन्हा क्लीनरूममध्ये आरसे पुसू लागले; प्रयोगशाळेची गेलेली पाळी मात्र परत आली नाही. आता खंडेनवमीची पूजा क्लीनरूमच्या बाहेर, गेटवर होते. हळद मामा लावतात. मी हात मागे बांधून उभा राहतो.