चंद्र झाकायला निघालेला पोलीस पाटील

माझ्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या, गुडघ्याचं ऑपरेशन जळगावात झालं आणि ती तिथेच मेहरूण भागात माझ्याकडे राहायला आली. शिरपूरजवळच्या तिच्या खेड्यातून येताना कपड्यांसोबत लग्नातली पत्र्याची पेटीही घेऊन आली. ऑपरेशन छान झालं होतं, पण अक्का चालेना. व्यायामाची वेळ झाली की तिचं डोकं दुखायचं, नाहीतर पोट. वॉकर खिडकीपाशी नुसता उभा असायचा आणि त्यावर तिचा टॉवेल वाळत असायचा. डॉक्टर रागावले, मी रागावले, भाचीने फोनवर रडून पाहिलं. माझा पाय आहे, माझं मी बघून घेईन, असं अक्का अहिराणीत ठणकावायची, "मना पाय शे, मी पाही लिसू."

एके दुपारी मी तिची पेटी पुसायला काढली. तळाला अस्तर म्हणून जुनी वर्तमानपत्रं घातली होती. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांतली. अक्काचं लग्न त्याच हिवाळ्यातलं, तेव्हा आमच्या वडिलांनीच ती घातली असणार. पिवळ्या पानावरचा एक मथळा मी मोठ्याने वाचला, "रात्री एकही उजेड दिसू देऊ नका."

पलंगावरून अक्का म्हणाली, "आपल्या गावात तेव्हा वीज कुठे होती?"

"मग काय केलं असेल गावाने?" मी सहज विचारलं.

ती उशीला टेकून बसली. मग सांगू लागली. गावाने चिमण्या विझवल्या, चुली विझवल्या, विड्यासुद्धा विझवल्या. पोलीस पाटील गस्तीला निघाला आणि बघतो तर डोक्यावर पुनवेचा चंद्र. त्याने सरपंचाला उठवलं. "बठ्ठा दिवा मालवात, पन चांद तं चालूच शे." सरपंच म्हणाला, हुकूम म्हणजे हुकूम. मग पाटील घोंगडं खांद्यावर टाकून सातपुडा चढू लागला, चंद्र झाकायला.

पाटील डोंगर कसा चढला ते दाखवायला अक्का पलंगावरून उठली. भिंतीला हात लावत चार पावलं गेली, मध्येच थांबून पाटलासारखी धापा टाकली, पुन्हा चालली. आपण चालतोय हे तिच्या ध्यानात आलं नाही. मी पेटी पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी ती पानं स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. पुढचा मथळा ऐकायचा तर तिथवर यावं लागेल, असं तिला सांगितलं. ती मला लबाड म्हणाली आणि वॉकर घेऊन आली.

मथळा होता, "अफवा पसरवू नका." अक्का ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने आपल्या गोष्टीत गावातल्या सगळ्यात बोलक्या बाईला गप्प बसवलं. आठवडाभरात गावाचा कारभार ठप्प. कोणाची म्हैस व्याली कळेना, कोणाची सोयरीक मोडली कळेना, लग्नं जमेनात. शेवटी गावकरी धुळ्याला कलेक्टरकडे गेले, की साहेब, निदान बाजाराच्या दिवशी तरी अफवांना परवानगी द्या. हसता हसता माझी पोळी करपली.

मग रोज एक मथळा. "घराशेजारी खंदक खणा" ऐकायला ती वॉकरशिवाय आली. त्या गोष्टीत खंदकाला पाणी लागलं, गावाने त्यावर कांदा लावला आणि वरून जाणारा शत्रूचा वैमानिक हिरवं रान बघून रस्ता चुकला.

आमच्या भागात ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा असतो. तिथे गोष्ट सांगायला मी अक्काचं नाव दिलं आणि मग मलाच धास्ती वाटू लागली. तिने जन्मात माईक हातात धरला नव्हता. त्यात तिच्या आधीचे वक्ते आरोग्यावर इतकं बोलले, की लोक नाश्त्याच्या टेबलाकडे सरकायला लागले. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. तिचं नाव पुकारलं तसा मी हात पुढे केला.

"तू उगी बस," ती म्हणाली आणि स्टेजच्या पायऱ्या कठड्याला धरून एकटी चढली.

माईक तिने तोंडापासून लांब धरला होता, पण तिचा आवाज शेतातून घरी हाक मारणारा. "एकाहत्तरनी लढाई चालू व्हती," ती सुरू झाली, अहिराणीतच. पाटलाने घोंगडं खांद्यावर टाकलं तेव्हा पोह्याच्या बशा घेऊन लोक परत खुर्च्यांवर येऊन बसले. बोलकी बाई गप्प झाली तेव्हा पुढच्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक चष्मा काढून डोळे पुसत होते. खंदकातला कांदा उगवला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "भाव काय मिळना?" अक्का म्हणाली, "थांब भाऊ, आधी लढाई तं जिंकू दे." त्यानंतर कितीतरी वेळ तिला बोलताच आलं नाही, इतकं सभागृह हसत होतं. ती मात्र गंभीर चेहऱ्याने, दोन्ही पायांवर सरळ उभी होती.  बाजूच्या बाईंना मी उगाचच सांगितलं, की ती माझी बहीण आहे.

खाली उतरल्यावर बायकांनी तिला घेरलं. कोणाला ती सकाळी मेहरूणच्या तलावावर फिरायला हवी होती, कोणाला नातीच्या शाळेत गोष्ट सांगायला. मुख्याध्यापक म्हणाले, "अक्का, चंद्र झाकला की नाही शेवटी?"

"अमावस्या होईपर्यंत पाटील वरच बसला," अक्का म्हणाली. "मग खाली येऊन सांगितलं, झाकला."

परतताना आम्ही रिक्षा केली. अक्काच्या अंगावर जरीचं लुगडं, हातात मेळाव्यात मिळालेला गुलाब. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "आजी, लग्नाहून आलात का?"

मेळाव्यात स्पर्धा वगैरे काही नव्हती. तरी अक्का पाय लांब करून ऐटीत टेकून बसली आणि म्हणाली, "नही भाऊ. जिंकीसन ऊनू."