अक्कांचे जावई

पहिल्याच दिवशी अक्कांनी मला दारात ताटकळत ठेवलं. बँकेत नांदेडहून लातूरला बदली झाली होती आणि मी त्यांची वरची खोली भाड्यानं बघायला गेले होते. बेल वाजवली तर आतून आवाज आला, "जरा थांबा हं, जावई जेवायलेत." आता लोकांचे जावई जेवत असताना मध्येच घुसणं बरं दिसत नाही, म्हणून मी पायरीवर उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. आत आग्रह चालला होता. "येवढा घास घ्या की. तूप कमी पडलं का? बरं, दही घालू?" जावई मात्र हूं की चूं करेनात. मी मनात म्हटलं, भलताच मिजासखोर दिसतो हा माणूस. शेवटी एकदाचं दार उघडलं आणि अक्कांच्या पायाशी घसटत एक पिवळा-पांढरा बोका मिशा चाटत पुढं आला. त्यानं मला खालून वर न्याहाळलं आणि तो उंबऱ्यावर बसला. अक्का म्हणाल्या, "हेच आमचे जावईबापू. मला लेक न्हाई बगा, पन जावई हाय."

अक्कांचं नाव कस्तुराबाई, पण माहेर निलंग्याच्या पलीकडचं, कानडी मुलखाला लागून, त्यामुळे सगळा मोहल्ला त्यांना अक्काच म्हणायचा. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीत लिंगायतांचं इष्टलिंग. यजमानांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तुरीची आडत होती, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पुण्याला. रोज अंघोळ करून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच पाण्याचा घोट, हा त्यांचा नेम तापातसुद्धा मोडला नव्हता. घरात कांदा चालायचा, पण अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. मी आधीच सांगून टाकलं, की अक्का, मी मटण-मासे खाणारी आहे, नंतर वाद नको. त्या म्हणाल्या, "खावा. ज्येचं पोट त्येचं. फकस्त रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून शिजवा, वास खाली आला न्हाई पायजे." एवढ्या करारावर मी राहायला आले.

मांजराचं एवढं व्यवस्थित केलेलं मी तोवर कुठं पाहिलं नव्हतं. आमच्या नांदेडला मांजरं असतात, पण ती आपली आपण असतात, कोळ्याच्या टोपलीमागं फिरून गोदावरीच्या मासळीवर पोसलेली. इथं जावयांसाठी सॉ मिलमधून लाकडाचा भुस्सा यायचा. तो जुन्या चाळणीनं चाळून, गच्चीवर उन्हात तापवून घमेल्यात भरायचा, आणि घमेलं दिवसातून दोनदा साफ करायचं. "आपुन घान संडासात जाऊ का? मग त्येंनी का जावं?" पाण्याची मातीची परळं जेवणाच्या जागेपासून लांब ठेवलेली, कारण जेवणाशेजारचं पाणी जावई पीत नसत. खाटेच्या पायाला तरटाचं पोतं गुंडाळून शिवलेलं होतं, नखं पाजळायला. दवाखान्यात न्यायचं झालं की टोमॅटोचे दोन प्लास्टिकचे कॅरेट एकमेकांवर घालून सुतळीनं बांधले, की पालखी तयार. जंताची गोळी सायीत घोटून जायची आणि वर अक्काच माफी मागायच्या, "कडू लागलं का? लागनारच की. औषध हाय ते, बासुंदी न्हाई."

मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "अक्का, एवढी बडदास्त खऱ्या जावयाचीसुद्धा कुणी ठेवत नाही." त्या कंगव्यानं जावयांची पाठ विंचरत होत्या. "खरा जावई वर्सातून दोनदा येतोय, त्येचं सोसतंय. ह्यो घरजावई हाय. जनावर पाळायचं म्हंजे आपुन त्येच्या मर्जीत ऱ्हायचं, त्येनं आपल्या न्हाई." धोंड्याच्या महिन्यात त्यांनी बोक्याला पाटावर बसवून ओवाळलं आणि धोंडे वाढले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जावयांनी पुरणाला नाक लावलं आणि वरचं तूप तेवढं चाटलं.

पण अक्कांच्या खऱ्या अभिमानाची गोष्ट वेगळीच होती. जावई शाकाहारी होते. पिल्लू असताना गल्लीतल्या कुत्र्यांनी त्याच्या आईला मारलं, तेव्हापासून दवाखाना सोडला तर तो उंबऱ्याबाहेर गेलाच नव्हता. खिडक्यांना जाळ्या, दाराला जाळी. ज्वारीची भाकरी, दूध, दही, तूप यावर वाढलेला. चुकून घरात उंदीर निघाला आणि यानं धरला, तर अक्का जबडा दाबून तो सोडवायच्या आणि भरपाई म्हणून पेढ्याचा तुकडा द्यायच्या. बायका मुद्दाम बघायला यायच्या. अक्कांचा धाकटा भाऊ मल्लप्पा दर महिन्याला गावाकडून ज्वारीचं पोतं घेऊन यायचा, बहिणीकडे जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. तो माझ्यापुढं छाती फुगवून सांगायचा, "मॅडम, आमच्या अक्काचं बेक्कु बगितलं का? बोका हाय, पन मासाला शिवत न्हाई. संगतीचा गुन असतोय." बेक्कु म्हणजे कानडीत मांजर. सगळ्या गावाला त्यानं ही गोष्ट ऐकवली होती.

त्या उन्हाळ्यात जावई धडपडायला लागले. खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारायला जायचे आणि खाली पडायचे. दाराच्या चौकटीला डोकं आपटायचं. अक्का म्हणाल्या, म्हातारपण आलं असंल. पण बोक्याचं वय तसं काही नव्हतं, म्हणून मी रजा काढून त्यांच्याबरोबर रिक्षानं दवाखान्यात गेले. डॉक्टरीण तरुण होती, शांत. तिनं विचारलं, काय खायला घालता? अक्कांनी अभिमानानं सगळी यादी सांगितली, सणाच्या पुरणपोळीसकट. डॉक्टरणीनं हातातलं पेन खाली ठेवलं. बॅटरी घेऊन बराच वेळ बोक्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"अक्का," ती म्हणाली, "गाय कितीही उपाशी असली तरी मटण खाईल का? हे त्याच्या उलट आहे. मांजराच्या अंगाला जे लागतं ते मांस-मासळीतूनच मिळतं, दुधा-भाकरीतून मिळत नाही. ते न मिळाल्यानं याची नजर चालली आहे. पुढं हृदयावर येईल. गेलेली नजर परत यायची नाही, पण आजपासून नीट खायला घातलं तर राहिलेली राहील."

रिक्षात अक्का मांडीवर पालखी घेऊन बसल्या होत्या. दारात उतरल्यावर म्हणाल्या, "मॅडम, मी आजवर त्येला उपाशीच ठिवलं म्हना की." मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "तुमच्या घरात नको. मी वर शिजवते, मीच खायला घालते. तुमचा नेमही राहील आणि तोही जगेल." अक्कांनी मान हलवली. "जेवायला घालायला शेजारी आनि लाड करायला मी? असं नसतंय."

दुसऱ्या दिवशी पूजा उरकून त्या वर आल्या. "दुकान दावा मला." प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात त्या माझ्यामागं अंग चोरून उभ्या होत्या. मासळीचं चित्र असलेलं पाकीट पोराच्या हातून न घेता त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळायला लावलं. घरी मागच्या मोरीजवळ वेगळी फळी, वेगळी ताटली, वेगळा चमचा, अशी सगळी सोय केली. नाकाला पदर लावून ताटली पुढं सरकवली. जावयांनी हुंगलं, पाठ फिरवली आणि खाटेखाली जाऊन बसले. जन्मभर तूप-भाकरी खाल्लेला तो, त्याला हे अन्न आहे हेच ठाऊक नव्हतं. एवढं मन मोडून केलं आणि नवरदेव रुसले! मला हसावं की रडावं कळेना.

डॉक्टरणीला फोन लावला. ती म्हणाली, मांजराला फार काळ उपाशी ठेवू नका, रोजच्या काल्यात थोडं थोडं मिसळा. अक्कांनी चमच्यानं मिसळून पाहिलं. तो जवळ आला, हुंगून पुन्हा मागं सरला. एरवी अक्का हातानं कालवायच्या, भाकरी अंगठ्यानं चेचून, तूप मुरवून, लोण्यासारखं मऊ करून, आणि त्याला त्या हाताचाच वास माहीत होता. त्या ताटलीपुढं बसून राहिल्या. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि खरं सांगते, त्यांनी उठून जावं असंच मला वाटत होतं, इतका त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग त्यांनी बांगड्या वर सारल्या. "आपली हौस येगळी, त्येची भूक येगळी," असं म्हणाल्या आणि उजवा हात ताटलीत घातला. कालवताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. जावयांनी ताटली चाटून पुसून लख्ख केली.

त्यानंतर तो रोजचा नेम झाला. सकाळी आधी पूजा, मग जावई. संध्याकाळी पुन्हा जावई, आणि मग डोक्यावरून अंघोळ. लातुरात नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात तर आठवडाही जातो. अक्का स्वतःची लुगडी धुवायची लांबवायच्या, पण ती अंघोळ चुकवायच्या नाहीत.

पुढच्या खेपेला मल्लप्पा आला तो नेमका त्या कालवत असताना. ज्वारीचं पोतं त्यानं दारातच ठेवलं. मी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला होता.

"अक्का, काय करायलीस?"

अक्कांनी लपवलं नाही. "मासळी हाय. डॉक्टरनं सांगितली. न्हाई तर आंधळा होतोय त्यो."

"ह्याच हातानं लिंगाला फूल वाहतीस?"

"ह्याच हातानं. धुऊन."

मल्लप्पानं तांब्या तसाच खाली ठेवला. "मग ह्या घरचं पानी मला चालायचं न्हाई," म्हणाला आणि गेला.

ज्वारी मात्र त्यानं बंद केली नाही. दर महिन्याला पोतं फाटकापाशी उतरवायचा, हाक मारायचा आणि रस्त्यावरच उभा राहायचा. अक्का ओट्यावर तांब्या भरून ठेवायच्या. दोघं फाटकाच्या अलीकडून-पलीकडून पाऊसपाण्याचं, पिकाचं बोलायची. तो गेला की त्या तांब्यातलं पाणी अक्का बेलाच्या झाडाला घालायच्या. एकदा न राहवून मी विचारलं, "अक्का, वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की. भाऊ हाय माझा, ह्या हातावर वाढवलाय." त्या तांब्या पालथा घालत म्हणाल्या, "पन मल्लूला दुसरीकडं पानी मिळंल. ह्येला दुसरीकडं कोन कालवून घालंल?"

जावयांची राहिलेली नजर राहिली. अंगावर चकाकी आली. अंधुक दिसायचं, म्हणून अक्का घरात एक पाटसुद्धा जागचा हलवू देत नसत. "त्येंच्या पाठ झालंय घर, उगं चाळवू नका." शाकाहारी बोका बघायला पूर्वी यायच्या त्या बायकांना अक्का आता स्वतःहून सांगायच्या, की आमचे जावई मासे खातेत. काहीजणी यायच्या बंद झाल्या. ज्या येत राहिल्या त्यांना चहाबरोबर मांजराच्या खाण्यावर व्याख्यान मिळायचं.

गेल्या थंडीत अक्का गेल्या. सकाळी पूजेला बसल्या त्या उठल्याच नाहीत. मुलगा पुण्याहून आला, गावाकडची माणसं आली, बसत्या स्थितीत त्यांना समाधी दिली. लिंगैक्य झाल्या, सोनं झालं, असं सगळे म्हणत होते. मला तसं काही वाटत नव्हतं. मला नुसतं खालचं घर नकोसं झालं होतं.

घर माणसांनी भरलेलं आणि जावई खाटेखाली. आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी ताटली घेऊन आले, पाकीट फोडलं, तूप घातलं, भाकरी चेचली, जसं बघितलं होतं तसं कालवलं. तो हुंगायला आला आणि परत गेला. मी पुन्हा पुढं केली, तो पुन्हा मागं. मला रडू आवरेना.

मल्लप्पा भिंतीला टेकून बसला होता.

"खाईना का ते?" त्यानं विचारलं.

"नाही."

तो जवळ येऊन मांडी घालून बसला, सदऱ्याची बाही वर सारली आणि म्हणाला, "अक्का अशी न्हाई मळायची. अंगठ्यानं मळायची. आमची आई तशीच मळायची." आणि त्यानं हात घातला. मासळीचा वास घरभर पसरला होता, गावाकडची माणसं माना वळवून बघत होती. तो कुणाकडे न बघता मळत राहिला. जावई बाहेर आले, त्याच्या गुडघ्याला धडकले, थांबले आणि खायला लागले. भुकेनं असेल, दुसरं काही असेल, मला सांगता येत नाही.

ताटली रिकामी होईपर्यंत मल्लप्पा हलला नाही. मग मोरीत जाऊन त्यानं हात धुतले आणि ओले हात तसेच धरून तो माझ्यापुढं उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "अक्कानं भरून ठिवलेलं पानी असंल का अजून? तांब्याभर द्या मला."