पान्ह्याची सुई

"म्हशीला चालतं ते हिला का न्हाई चालणार?" मालक दारातूनच म्हणाला. बाहेरची माणसं हसली.

मी गोठ्याशेजारच्या कडब्याच्या खोलीत पोत्यावर पडले होते. शेण भरतानाच कळा सुरू झाल्या होत्या. पहिलंच बाळंतपण. नगरच्या सरकारी दवाखान्यात न्यायला नवऱ्याने दुधाचा टेम्पो मागितला. टेम्पो आधी भिंगारला दूध घालून येईल, असं उत्तर आलं. टेम्पोऐवजी म्हशींना सुई टोचणारा आला.

गोठ्यात हे रोजचं होतं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. मग धारेआधी तिला सुई द्यायची. औषध किराणा दुकानात मिळायचं, नावाची चिठ्ठी नसलेल्या बाटलीत. सुई बसली की म्हशीच्या अंगाला कापरं भरायचं आणि दूध सुटायचं.

त्याने तेच औषध आणलं, तीच सुई. किती भरलं, त्यालाही ठाऊक नव्हतं. मला शिवायला नको म्हणून साडीवरूनच टोचली. मला कोणी विचारलं नाही.

दोन कळांमध्ये उसंत असते. तेवढ्यात बाई श्वास घेते. सुईनंतर उसंत संपली. एकच कळ. पोट दगडासारखं. मग आत काहीतरी उसवलं आणि कळ एकदम थांबली. मला वाटलं, सुटले.

तेव्हा टेम्पो मिळाला.

पोट फाडून मुलगी काढली. निळी पडलेली. माझी पिशवी फाटली होती, तीही काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय दिलं होतं? मालक म्हणाला, "काय न्हाई दिलं. ह्यांच्या बायाच अशा, येळेवर सांगत न्हाईत."

नवऱ्याने खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, हे औषध आम्हीही देतो, पण थेंबाथेंबाने, पोटावर हात ठेवून, बाळाचे ठोके ऐकत. बाटलीत काय आहे आणि किती, हेच माहीत नसेल तर ते विष समजायचं.

मुलीचं रडणं मी ऐकलंच नाही. म्हणून ते थांबतही नाही. चूल पेटवताना, धुणं धुताना मी मध्येच हात थांबवते. कान देते.

पुढे धाकट्या जावेचे दिवस भरले. तीच खोली. भर दुपारी तोच माणूस सुई भरून आला. मी दारात उभी राहिले.

"बाजूला हो गं," मालक म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"म्हशीला दावं हाय, म्हणून ती उभी ऱ्हाती," मी म्हणाले. "हिला दावं न्हाई. माज्या अंगावरून आत जावा."

सुई टोचणारा आत गेला नाही. आम्ही तिला बाजेवर घालून सडकेला आणलं, जीप थांबवली. दवाखान्यात मुलगा झाला. संध्याकाळी आमची भांडी गोठ्याबाहेर पडलेली होती.

काही दिवसांनी मालकाचा निरोप आला. धारेला माणसं कमी पडतात, झालं गेलं विसरा.

आम्ही गेलो नाही. मी विसरणारही नाही. आसपासच्या गोठ्यांवर जाऊन बायांना मी हे सांगते. पोर गेल्यापासून हिचं डोकं फिरलंय, असं मालक सांगत फिरतो. फिरू दे. बाईच्या अंगात सुई घालायची तर आधी तिला विचारायचं. काय घालताय, ते तिला सांगायचं. सांगता येत नसेल, तर मला तुडवून आत जावं लागेल.