डबीवरचा देव

युसूफ वडगावच्या फाट्यावर आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हाय. नवऱ्याचं नाव मी घेत न्हाई. बोर्डावर 'बद्रीनाथ ऑटो इलेक्ट्रिक' लिव्हलंय, तेवढं वाचा. मी छबुबाई. तीस वर्षं झाली, हे डॅशबोर्डाखाली उताणे आन् मी टॉर्च धरून उभी. हाताखाली माणूस ठेवा म्हणलं की म्हणतेत, "तू हायस की." लई गोड बोलतेत, कामापुरतं.

अलीकडं नव्या गाड्या आमच्याकडं थांबंनात. पुण्याचा आमचा लेक अंगद फोनवर बापाला सारखं म्हणायचा, "दादा, दुकान बंद करा, इकडं या." हे "बघू" म्हणून टाळायचे. यंदा मात्र म्हणाले, "एखादं नव्या जमान्याचं काम जमलं तर दुकान राहील, न्हाई तर दसऱ्याला कुलूप." पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून मी काय कबुतरं मोजू?

त्याच आठवड्यात धनश्री आली. मेंढपाळाची लेक, जनावरांचं औषधपाणी शिकलेली. बापाच्या जुन्या जीपमधी डोंगरातल्या मेंढ्यांच्या वाड्यांवर हिंडती. म्हणाली, "काकू, तिकडं मोबाईलला रेंज न्हाई. मी रस्ता चुकले की तिकडं मेंढरू मरतं." तिनं तसल्याच नव्या जीपमधून काढलेला कंपनीचा नकाशावाला रेडिओ आणलता. नकाशा त्याच्या पोटातच, रेंज लागत न्हाई. पण जुन्या जीपचा प्लग निराळा, ह्याचा निराळा.

"गाडीची मूळ वायर तोडायची न्हाई," हे म्हणाले. दोन प्लगांच्या मधली जोडणी ह्यांनी स्वतः बनवली. कुठली वायर कुठं, ते कॅलेंडरच्या पाठीवर काढलं. आभाळातून खूण पकडणारी काळी डबी समोरच्या काचेपाशी, डॅशबोर्डावर चिकटवली. चौथ्या दिवशी पडद्यावर नकाशा आला आन् बाण बरोब्बर आमच्या फाट्यावर उभा राहिला. हे पोरावानी हसले.

दुकानातून गाडी निघायच्या आधी मी पूजा करते, आमची रीतच हाय. कामासाठी मीच काढून ठेवलेला जीपमधला पितळी खंडोबा, त्याच्या रुंद पितळी पाटासकट, मी परत मांडला. धनश्री गेली आन् तासाभरात माघारी आली. बाण गायब.

मग तीन दिवस हे त्या जीपमधी. सगळ्या वायरी तपासल्या, मनगटं खरचटून घेतली, जेवणाकडं लक्ष न्हाई. देव तेवढा जागचा हलवला न्हाई, कारण तेलकट हातानं देवाला शिवायचं न्हाई, हा ह्यांचाच नेम. शेवटी पायरीवर बसून म्हणाले, "माझ्याच्यानं होत न्हाई, छबू. अंगदला फोन लाव."

"कावून लावू?" मी खेकसले. "एका डबड्यापायी तीस वर्षं पाण्यात घालता का?" बोलले खरी, पण रडू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. खंडोबाला चिंचेनं घासावं म्हणून मी जीपमधून उचलला. रेडिओ चालूच होता. दाराशी ह्यांच्याशी दोन शब्द बोलले, वळून बघते तर बाण फाट्यावर. देव परत ठेवला. थोड्या वेळानं बाण गेला. तेव्हा दिसलं, काळी डबी सपाट म्हणून मीच देवाचा पाट तिच्यावर मांडलता. पितळेखाली तिला आभाळ कुठून दिसणार?

गप बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण ह्यांचा उतरलेला चेहरा बघवंना. सांगून टाकलं.

मला वाटलं, आता बोलणी खायची. हे म्हणाले, "मी समदी गाडी खोलली, देवाखाली बघितलं न्हाई. म्हंजी जोडणी पहिल्यापासून बरोबरच होती की." मग हात धुतले, लाकडाची फळी कापली आन् डबीपासून हातभर लांब देवाला जागा करून दिली.

गुरुवारी धनश्रीचा फोन आला. न चुकता वाड्यावर पोचलती. अडलेली मेंढी सुटली, पिल्लूबी जगलं. तिच्या ओळखीच्यांच्या दोन जीपा आता ह्याच कामासाठी आमच्या दारात उभ्या हायेत.

संध्याकाळी अंगदनं विचारलं, "आई, दसऱ्याला येताय ना?"

"तूच ये," मी म्हणलं. "तुझ्या दादाला सवड न्हाई. आन् टॉर्च धरायला मी लागते."