सैल तारा
नव्या चादरीच्या खळीचा वास आला की मला माझी लाल इलेक्ट्रिक गिटार आठवते. सत्तरच्या दशकात, विशीत असताना, आमच्या ऑर्केस्ट्रासाठी मी ती पुण्याहून आणली होती. आधीच्या मालकाने जेमतेम महिनाभर वाजवलेली, अंगावर एक ओरखडा नसलेली. वडील सोलापुरात हातमागावर चादरी विणायचे. गिटार गुंडाळायला त्यांनी स्वतः विणलेली कोरी चादर दिली, आणि गणपतीतल्या आमच्या पहिल्या कार्यक्रमाला तेच ती खांद्यावरून मंडपापर्यंत घेऊन आले. पडदा उघडायच्या बेतात असताना मी चादर सोडली, तर सहाही तारा लोंबत होत्या. "काल मीच सैल केल्या," ते जरा कौतुकानेच म्हणाले, "काम संपलं की मागाचा ताणा पण सैल सोडतो की आपण. ताणून ठेवलं की सूत तुटतंय." ऑर्केस्ट्रातली पोरं हसली, आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "हा काय तुमचा माग आहे? अडाण्यासारखं कशाला हात लावता?" त्यांनी चादरीची नीट घडी घालून माझ्या खुर्चीवर ठेवली आणि ते बाहेर गेले. तारा परत जुळवायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यानंतर आमच्या एका खोलीच्या घरात गिटारजवळून जाताना ते दोन्ही हात पाठीमागे धरून जायचे. आता वाजवून झालं की मी रोज तारा सैल करतो. त्याची गरज नसते, हे मला माहीत आहे.