पाठीवर भार टाकला तेव्हा

देव सगळ्यांना सारखंच बघतो, असं म्हणतात. खरं सांगते, मला ते फारसं पटत नसे. अंबरनाथच्या शिवमंदिरात गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. लहानपणच्या पोलिओने माझे पाय लुळे, त्यामुळे माझं दर्शन वरच्या वर. बाकीचे पिंडीला हात लावून येणार आणि मी खालच्या अंधाराला नमस्कार करणार. रागावून घरी यायचे, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा भावाच्या मागे लागायचे.

आमची बिल्डिंग कारखान्यांना लागून. लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी घरीच साड्यांना फॉल-पिको करते. वायुगळतीची धास्ती इकडे नेहमीची, म्हणून सोसायटीने सराव सुरू केला होता. थाळी वाजली की तोंडावर ओला रुमाल धरून सगळ्यांनी खाली पटांगणात जमायचं. पहिल्याच वेळी सेक्रेटरी शिंदेकाका मायेने म्हणाले, "ताई, तुम्ही बसा वरती. तुम्हाला कशाला उगाच त्रास? चहा तेवढा टाका." मलाही बरंच वाटलं. दर सरावाला सगळे खालून हात हलवायचे, मी गॅलरीतून हलवायचे, आणि वर आले की चहा. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

त्या दिवशी भाऊ-वहिनी जांभूळ गावी लग्नाला गेले होते. दिवेलागणीला रस्त्यावर पांढुरकं धुकं उतरलं आणि डोळे चुरचुरू लागले. थाळी वाजली. चपलांचा आवाज माझ्या दारावरून खाली गेला. मी चाकाची खुर्ची ढकलत गॅलरीत आले आणि ओरडले. खाली तोंडाला पदर लावलेल्या एका बाईने वर पाहिलं आणि हात हलवला, अगदी सरावात हलवायची तसाच. मग सगळे धुक्यात दिसेनासे झाले. तो हात आठवला की अजून अंगावर काटा येतो.

कोणाच्या तरी बंद घरात कुकर शिट्ट्या देत होता, कुठे टीव्हीवर माणसं हसत होती. मग वीज गेली आणि ती माणसंही गप्प झाली. मी गॅलरीचं दार लावलं, पदर भिजवून नाकाला धरला. नामस्मरण करायला गेले तर घसा जळला. मनातच म्हटलं, देवा, तूही मला वर बसवूनच ठेवणार का?

तेवढ्यात बाहेरचं दार ढकललं गेलं. तोंडाला ओला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस आत आला. "कोण?" मी विचारलं. उत्तर नाही. तो माझ्यापुढे पाठ करून खाली बसला. मी त्याच्या गळ्यात एक हात टाकला, पण दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धरून ठेवली. कोणाला आपलं ओझं होऊ नये म्हणून आयुष्यभर अंग आवरून जगलेली मी, मला सुटताच येईना. त्याने माझ्या मनगटावर हलकेच थोपटलं. मग मी बोटं सोडली आणि सगळा भार त्याच्या पाठीवर टाकला. तेव्हा कुठे त्याला उठता आलं.

जिन्यात मिट्ट काळोख होता. मी दोनदा विचारलं, "कोण हो तुम्ही?" तो गप्पच. वळणावर मात्र तो एकाएकी थांबला, भिंतीला सरकला आणि कोणाला तरी वाट द्यावी तशी वाट दिली. मला काही दिसलं नाही. नुसता गार, ओलसर वारा गालाला लागून वर गेला. मला फार भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा कळलं, तो किशन. जवळच्या कॅम्प चार वस्तीतून नुकताच आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने आलेला. जन्मापासून बहिरा. थाळीचा त्याला काय उपयोग? डोळे चुरचुरले तेव्हा तो झोपेतून उठला होता. म्हणजे माझं ओरडणंही त्याने ऐकलेलं नव्हतं. मग माझं लोटलेलं दार त्याने का ढकललं? बातमी कळून धावत आलेली त्याची बहीण ज्योती त्याच्याशी हातांनी बोलली आणि माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"ताई, तो सांगतोय, जिन्यात कोई खडा था. ओलेत्याने. त्यानेच हात करून तुमचं दार दाखवलं. उतरताना पण तिथेच होता, म्हणतो."

बिल्डिंगमध्ये तेव्हा आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं, हे नंतर सगळ्यांनीच सांगितलं. मी त्यावर वाद घालत नाही. मला एवढंच उमगलं की शरण जाणं म्हणजे नुसते हात जोडणं नाही. आपला भार दुसऱ्याला घेऊ देणं, हेही त्यातच येतं, आणि माझ्यासारखीला तेच जास्त जड गेलं.

पुढच्या सरावाला मी चहा टाकला नाही. "मला खाली न्या," म्हटलं. शिंदेकाकांचे डोळे भरून आले. खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली, माणसं घामाघूम झाली, शेवटी किशननेच पाठ दिली. त्यालाही आता कोणीतरी वर जाऊन, खांद्याला हात लावून सांगायचं असं ठरलंय.

पटांगणात शिंदेकाका बोटाने माणसं मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी थाळी खाली ठेवली, तशी किशनने त्यांचा हात धरला आणि जिन्याकडे बघत एक बोट वर केलं. अजून एक यायचाय.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. जिना रिकामा होता. कोणी हसलं नाही.

"थांबू या थोडं," शिंदेकाका हळूच म्हणाले. मी हात जोडले, आणि आम्ही सगळे थांबलो.